सबाइना पार्क, गहुंजे आणि आमचा पानठेला

गेले तीन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. एक रिलीज होतं, आणि मग त्या रिलीजने करून ठेवलेले उद्योग निस्तरायचे होते. असो. आज शनिवार आहे, फोन शांत आहे, तेव्हा बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय एकदाचा लिहून टाकतो. विषय क्रिकेटचा आहे, पण आकडेवारीवाल्यांनी फार आशा ठेवू नये.

२०२५च्या फेब्रुवारीत मी आठवडाभर नागपूरला, लकडगंजला घरी होतो. घरून काम करायची परवानगी काढली होती. खरं कारण म्हणजे गुरुवारी, ६ तारखेला, जामठ्याला भारत-इंग्लंड एकदिवसीय मालिकेचा पहिला सामना होता. २०१९नंतर जामठ्याला एकदिवसीय सामना झालाच नव्हता, त्यामुळे गावात हवा जोरात होती. ज्यांना तिकीट मिळालं ते ते दाखवत फिरत होते आणि ज्यांना नाही मिळालं ते 'टीव्हीवरच चांगली दिसते बाप्पा मॅच' असं एकमेकांना समजावत होते. मी दुसऱ्या गटात.

ज्यांनी लकडगंज पाहिलं नाही त्यांच्यासाठी: सेंट्रल अव्हेन्यू सोडून आत वळलात की कापलेल्या सागाचा वास यायला लागतो. नावाप्रमाणे लाकडाचा बाजार. आरा मशीन, फळ्यांच्या थप्प्या, भुशाची पोती, आणि संध्याकाळी मशिनी थांबल्या की पानठेल्यावर जमणारी मंडळी. माझं क्रिकेटचं सगळं शिक्षण याच ठेल्यावर झालं. त्या आठवड्यात तिथे जामठ्याच्या पिचपेक्षा जास्त चर्चा होती ती आधीच्या शुक्रवारी पुण्यात झालेल्या प्रकाराची.

आठवत असेल. ३१ जानेवारी, गहुंजे, चौथा टी-ट्वेंटी. शिवम दुबे ३४ चेंडूंत ५३ करतो. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळतो. डाव संपवून तो आत जातो आणि इंग्लंडच्या डावात बाहेर येत नाही. त्याच्या जागी कन्कशन सबस्टिट्यूट म्हणून येतो हर्षित राणा, जो तोपर्यंत भारतासाठी एकही टी-ट्वेंटी खेळलेला नव्हता. राणा ३३ धावांत ३ बळी घेतो, भारत १५ धावांनी जिंकतो आणि मालिकाही खिशात घालतो. सामन्यानंतर बटलर स्पष्ट सांगतो की ही काही सारख्याला सारखी बदली नव्हती. सामनाधिकारी होते जवागल श्रीनाथ, आणि नियमाप्रमाणे निर्णय त्यांचाच.

ठेल्यावर दोन पक्ष पडले होते.

"काय बे, दुबेच्या जागी राणा? दुबे म्हणजे बॅट्समन, कधीमधी दोन-तीन ओव्हर टाकते. अन् हा पूर्ण फास्ट बॉलर!"

"अबे, डोक्याले लागलं होतं ना त्याच्या. मंग काय दहा जणांनी खेळायचं?"

"लागलं होतं तं शेवटच्या बॉलवर पळाला कसा?"

"अन् तुमच्या इंग्लंडचं काहून दुखून राहिलं तुले?"

असं चार दिवस चाललं. कोणी नियमातलं 'लाईक फॉर लाईक' उलगडून सांगत होतं, कोणी २०२०चं कॅनबेरा काढत होतं. तिथे स्टार्कचा चेंडू जडेजाच्या हेल्मेटला लागला, जडेजाने ४४ केले आणि त्याच्या जागी आलेला चहल ३ बळी घेऊन सामनावीर ठरला. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा प्रशिक्षक लँगर सामनाधिकाऱ्यांशी वाद घालताना टीव्हीवर दिसला होता. म्हणजे मुद्दा जुनाच.

मी मधेच विचारलं, "पण दुबेला कन्कशन झालं असेल तर तो रविवारी वानखेडेवर कसा काय खेळला?" कारण तो खेळला होता. शुक्रवारी रात्री मेंदूला धक्का बसला म्हणून बाहेर, आणि रविवारी पाचव्या सामन्यात ३० धावा आणि २ बळी. त्या वेळच्या नियमांत किमान किती दिवस बाहेर बसायचं याचा आकडा नव्हता. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की खेळाडू मोकळा.

माझ्या प्रश्नाचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीने लावला. एक म्हणे, "पाहा, म्हणजे लागलंच नव्हतं." दुसरा म्हणे, "पाहा, म्हणजे बरा झाला." त्या डोक्याबद्दल विचारतोय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग ठेल्याच्या बाकावर नेहमी बसणारे एक काका (लाकडाचे जुने व्यापारी, वय सत्तरीच्या पुढे) पानाची पिचकारी टाकून म्हणाले, "अरे पोरांनो, छिहत्तरमधे तर बदली पण नव्हता. पाच जण घरी बसले होते. तेव्हापण सगळे हेच भांडले, बेदीने डाव सोडला का नाही सोडला."

त्या रात्री मी ऑफिसचं काम बाजूला ठेवून १९७६ वाचत बसलो. (मॅनेजर हे वाचत नाही असं गृहीत धरतो.) पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

डोक्यावर चेंडू आला की पंचाने काय करायचं, हा प्रश्न १९३३च्या जानेवारीत अॅडलेडला पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला. बॉडीलाईन. लारवूडचा चेंडू वुडफुलच्या छातीवर बसला, आणि त्याच सामन्यात ओल्डफील्डची कवटी तडकली. गंमत म्हणजे ओल्डफील्डला लागलं तेव्हा लेगला क्षेत्ररक्षकांचा तो कुप्रसिद्ध वेढा नव्हताच, साधीच फील्ड होती. म्हणजे ज्या डावपेचावर सगळं जग चिडलं होतं त्यात हे डोकं फुटलंच नाही. पुढे कायद्यात भर पडली, आणि १९४७च्या नियमावलीत मजकूर साधारण असा झाला: सतत आखूड टप्प्याचे वेगवान चेंडू टाकून फलंदाजाला घाबरवण्याचा पद्धतशीर प्रयत्न होतोय असं *पंचाला वाटलं* तर त्याने आधी ताकीद द्यावी, आणि ऐकलं नाही तर गोलंदाजाला हटवावं.

'पंचाला वाटलं तर.' आमच्या धंद्यात रिक्वायरमेंटच्या कागदावर 'योग्य वाटल्यास' असे शब्द दिसले की आम्हाला घाम फुटतो, कारण त्याचा अर्थ ते कोणीच कधीच करणार नाही. भर स्टेडियममध्ये, यजमान देशाने नेमलेल्या पंचाला, यजमानांच्या लाडक्या गोलंदाजाचा हेतू ओळखायला सांगणं म्हणजे त्याच्याकडून काय अपेक्षा करणं आहे? आणि हेतू ओळखायचा तरी कसा? चेंडू वेगवान आहे, आखूड आहे, डोक्याच्या दिशेने आहे, हे दिसतं. मनात काय आहे ते दिसत नाही.

१७ मार्च १९६२. बार्बाडोसमध्ये भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर चार्ली ग्रिफिथचा चेंडू खेळत होता. गोलंदाजाच्या मागे पॅव्हेलियनमध्ये कोणीतरी खिडकी उघडली आणि लक्ष विचलित झालं, असं कॉन्ट्रॅक्टर स्वतःच नंतर सांगत आले. डावखुरा फलंदाज, चेंडू उजव्या कानाच्या वर बसला. कवटीला फ्रॅक्चर, तातडीची शस्त्रक्रिया, रक्ताची गरज. रक्त द्यायला जे पुढे आले त्यांत विरुद्ध देशाचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, पॉली उम्रीगर होते, आणि आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णीही होते. (नाडकर्णी म्हटलं की आपल्याला फक्त ते सलग २१ निर्धाव षटकांचं प्रकरण आठवतं. हेही आठवावं.) कॉन्ट्रॅक्टर वाचले, नंतर प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळले, पण कसोटी पुन्हा कधी मिळाली नाही. २१ वर्षांचा पतौडी कर्णधार झाला.

पंचांचं काय? त्याच सामन्यात कॉर्टेझ जॉर्डन या पंचाने ग्रिफिथला नो-बॉल दिला. कशासाठी? चेंडू फेकतो म्हणून, कोपर वाकतं म्हणून! कोपर दिसतं ना. पुढे कित्येक वर्षं ग्रिफिथबद्दलचा वाद हा त्या कोपराचाच वाद राहिला.

आता १९७६. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने चौथ्या डावात ४०३चं आव्हान ४ बाद ४०६ करून पार केलं. गावसकर आणि विश्वनाथ यांची शतकं. त्या सामन्यात क्लाईव्ह लॉईडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले होते. पुढच्या कसोटीला, २१ एप्रिलपासून किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर, तो चार वेगवान गोलंदाज घेऊन उतरला: होल्डिंग, डॅनियल, ज्युलियन, होल्डर. नाणेफेक जिंकून गोलंदाजी. खेळपट्टीच्या एका टोकाला चेंडू कसाही उसळत होता. हेल्मेट नावाची वस्तू कसोटी क्रिकेटमध्ये तेव्हा आलेलीच नव्हती.

सलामीला गावसकर आणि अंशुमन गायकवाड. बडोद्याचा २३ वर्षांचा पोरगा, डोळ्यांवर चष्मा. पहिल्या जोडीने १३६ धावा केल्या. दिवसअखेर १ बाद १७८. अतिशय चांगली धावसंख्या, आणि ती अंगावर चेंडू झेलून काढलेली. होल्डिंग राउंड द विकेट येऊन शरीरावर टाकत होता. दुसऱ्या दिवशी नवा चेंडू आला आणि सगळं बिघडलं. विश्वनाथचं बोट मोडलं, आणि ज्या चेंडूवर मोडलं त्याच चेंडूवर तो झेलबादही झाला. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर होल्डरचा चेंडू बसला. गायकवाड ८१ वर असताना होल्डिंगचा चेंडू त्याच्या डाव्या कानाच्या वर लागला. तो थेट हॉस्पिटलात. कानाची दुखापत नंतरही त्याला त्रास देत राहिली.

पंच होते राल्फ गोसेन आणि डग्लस सँग ह्यू. कायद्याचं पुस्तक त्यांच्याकडेही होतं. होल्डिंगला त्यांनी गोलंदाजीवरून हटवलं नाही.

बेदीने ६ बाद ३०६ वर डाव घोषित केला. स्वतःची आणि चंद्रशेखरची बोटं वाचवावीत हा हेतू. पण वेस्ट इंडीजच्या ३९१ धावांच्या डावात क्षेत्ररक्षण करताना नेमके त्याच दोघांचे हात जायबंदी झाले. दौऱ्यावर १७ खेळाडू होते आणि कधी ना कधी सतराही जण मैदानात उतरले. बदली म्हणून उतरलेल्या सुरिंदर अमरनाथला मधेच अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी न्यावं लागलं. (हे मी रचलेलं नाही.) बदली खेळाडूला क्षेत्ररक्षण करता यायचं. फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही.

दुसऱ्या डावात पाच गडी बाद झाले तेव्हा भारताच्या ९७ धावा होत्या. त्यातल्या ६० एकट्या मोहिंदर अमरनाथच्या. आणि सहावा फलंदाज आलाच नाही. विश्वनाथ, गायकवाड, पटेल, बेदी, चंद्रशेखर, या पाच नावांसमोर एकच शेरा: दुखापतीमुळे अनुपस्थित. वेस्ट इंडीजने विजयासाठी लागणाऱ्या १३ धावा बिनबाद केल्या.

आणि मग वाद सुरू झाला तो याचा: डाव घोषित केला की संपला? बेदीने पळ काढला की निषेध केला? आधी सगळ्यांनी घोषित धरलं, मग बेदीने खुलासा केला की खेळायला कोणी उरलंच नव्हतं, तेव्हा डाव संपलाच म्हणून नोंदवा. गावसकरांनी त्याच वर्षी आलेल्या 'सनी डेज'मध्ये या सामन्यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं, तिथल्या प्रेक्षकांना अजिबात न सोडता, आणि त्यावरूनही पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. गायकवाडच्या कानाबद्दल मात्र फार कोणी भांडल्याचं मला सापडलं नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही सांगायला हवं. वेगवान गोलंदाजी हा खेळाचा भाग आहे, खेळपट्टी खराब होती, आणि वेस्ट इंडीजचे फलंदाज नुकतेच ऑस्ट्रेलियात लिली-थॉमसनकडून असंच सोलून निघाले होते. हे सगळं खरं आहे. म्हणूनच मला राग होल्डिंगचा येत नाही. नियम जितकं करू देतात तितकं खेळाडू करणारच. जुलैमध्ये मँचेस्टरला त्याच होल्डिंगने क्लोज आणि एड्रिच या जवळपास निवृत्तीला आलेल्या जोडीवर असाच मारा केला, तेव्हा बिल अॅली या पंचाने त्याला ताकीद दिली. म्हणजे पंचाला वाटू शकतं! पण कुठे, कधी, कोणासाठी वाटेल हे त्या पंचावर अवलंबून.

पुढचं पटकन सांगतो. १९७८मध्ये कसोटीत हेल्मेट आलं. १९९१मध्ये आयसीसीने एका फलंदाजाला एका षटकात एकच बाउन्सर असा नियम केला, १९९४मध्ये षटकाला दोन झाले. माझ्या मते हा सगळ्यात मोठा बदल, कारण 'वाटणं' गेलं आणि मोजणं आलं. दोनपर्यंत आकडे कोणत्याही पंचाला येतात. कायद्यातला जुना 'पंचाच्या मते' वाला भागही अजून आहेच, आणि त्यात एक फार शहाणं वाक्य आहे: चेंडू धोकादायक आहे का हे ठरवताना फलंदाजाचं कौशल्य पाहावं, पण त्याने हेल्मेट वगैरे घातलंय हे विचारात घेऊ नये.

मग २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. फिलिप ह्यूज. दोन दिवसांनी तो गेला. २०१६च्या न्यायालयीन चौकशीत निष्पन्न झालं की त्या दिवशी टाकलेल्या २३ बाउन्सरपैकी २० एकट्या ह्यूजला होते. तरीही दोष कोणाचाच नाही. पंचांनी नियम मोडू दिला असंही नाही. जीव घेणारा चेंडू पूर्णपणे कायदेशीर होता. एवढं झाल्यावर क्रिकेटने उशिरा का होईना वेगळा प्रश्न विचारायला सुरुवात केली. गोलंदाजाच्या मनात काय होतं ते सोडा, फलंदाजाच्या डोक्यात काय झालंय ते डॉक्टरला बघू द्या. १ ऑगस्ट २०१९पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत कन्कशन सबस्टिट्यूट आला, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू मानेवर घेतलेल्या स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला. तेव्हा कोणी तक्रार केली नाही. फलंदाजाच्या जागी फलंदाज.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. दोन वर्षं मी ओहायोत क्लायंटकडे होतो. तिथे ऑगस्ट संपता संपता कॉलेज फुटबॉलचा मोसम सुरू होतो (त्यांचं फुटबॉल, हाताने खेळायचं), आणि पहिल्या आठवड्यापासून सोमवारच्या मीटिंगमध्ये एकच शब्द ऐकू येतो: टार्गेटिंग. म्हणजे समोरच्याच्या डोक्याला धडक. २०१३पासून याला थेट हकालपट्टी आहे, व्हिडिओ बघून पक्की करतात, आणि तेव्हा सामन्याच्या उत्तरार्धात सापडलात तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही जायचा. आमच्या टीममधले दोघं या एका विषयावर आठवडाभर एकमेकांशी नीट बोलत नसत. वाद काय? आमचा खेळाडू पुढचा अर्धा सामना बाहेर का! धडक ज्याला बसली तो कुठल्या तरी छोट्या कॉलेजचा होता, त्याचं नाव दोघांनाही सांगता आलं नाही.

मी कोणाला नावं ठेवायला बसलेलो नाही. माझंच सांगतो.

१९९६ साल असावं. लकडगंजमध्येच, आरा मशीनच्या मागच्या मोकळ्या जागेत आमच्या मॅची चालायच्या. कॉर्कचा बॉल, स्टम्पला छाटणीच्या फळ्या, बाऊन्ड्रीला रचलेले ओंडके. पंच बॅटिंग करणाऱ्या टीमचा, आणि त्या दिवशी पंच मी. दुसऱ्या मोहल्ल्याचा एक उंच पोरगा बॉलिंग टाकून राहिला होता. एकदम आखूड, एकदम फास्ट, आणि जमीन तर काय, खडी वर आलेली. त्याआधीही दोन बॉल कानाजवळून गेले होते. मला 'वाटलं' होतं. पण बोललो नाही. एक तर तो माझ्यापेक्षा हातभर उंच, आणि दुसरं म्हणजे आमच्याच पोराला वाचवायला मधे पडलो तर 'चिटिंग' म्हणाले असते. तिसरा बॉल माझ्या मित्राच्या कानशिलावर बसला आणि मागे बाऊन्ड्रीला गेला.

तो खाली बसला. आणि आम्ही सगळे, दोन्ही टीम मिळून, दहा मिनिटं भांडलो की हे चार रन धरायचे का नाही. डोक्याला लागून गेलेल्या बॉलला लेगबाय असतो का? पाय तर लागलाच नाही. मी नियम सांगितला की शरीराला कुठेही लागला तरी लेगबायच. चार रन दिले. त्याने पाणी प्यायलं, पुन्हा उभा राहिला, पुढच्या बॉलवर बोल्ड झाला, आणि आम्ही हरलो म्हणून त्याला शिव्याही घातल्या. रात्री त्याला उलट्या झाल्या आणि दोन दिवस हॉस्पिटलात ठेवलं, हे आम्हाला शाळेत कळलं. निर्णय बरोबर दिला याचा मला पुढे बरेच दिवस अभिमान होता.

तर पुन्हा २०२५. जामठ्याच्या सामन्यात राणा वन-डेतही उतरला. सॉल्टने त्याच्या एका षटकात २६ कुटले तेव्हा ठेल्यावरचा इंग्लंड पक्ष नाचत होता. मग राणाने ५३ धावांत ३ बळी घेतले, इंग्लंड २४८ वर आटोपलं, गिलच्या ८७ धावांच्या जोरावर भारत चार गडी राखून जिंकला, आणि नाचणारे बदलले. त्याच वर्षी जून-जुलैपासून आयसीसीने नियम दुरुस्त केला. आता सामन्याआधीच पाच बदली खेळाडूंची नावं द्यायची: एक फलंदाज, एक यष्टिरक्षक, एक वेगवान, एक फिरकी, एक अष्टपैलू. म्हणजे ऐनवेळी कोणाच्या जागी कोण हा घोळ कमी. आणि कन्कशन झालेल्या खेळाडूने किमान सात दिवस बाहेर बसायचं. पुन्हा आकडा आला. शुक्रवारी लागलं तर रविवारी खेळायचा प्रश्नच नाही.

त्याच जुलैत मँचेस्टरला पंतचा पाय मोडला आणि तो तसाच लंगडत फलंदाजीला आला. गंभीर म्हणाला अशा दुखापतीलाही बदली हवा, स्टोक्स म्हणाला हास्यास्पद कल्पना, आणि पुढच्याच कसोटीत खांदा निखळलेला वोक्स एक हात स्वेटरमध्ये बांधून मैदानात आला. ऑगस्टमध्ये बीसीसीआयने देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांत गंभीर दुखापतीलाही बदली द्यायचं ठरवलं. दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ठेल्यावर हा विषय पेटलेला होताच. एक म्हणे आता सगळे खोटं खोटं लंगडतील.

तो मित्रही होता तिथे. वडिलांची आरा मशीन आता तोच बघतो. मी त्याला गायकवाडबद्दल सांगितलं, २०२४च्या जुलैत ते गेले तेही सांगितलं. मग १९९६ची मॅच काढली, आणि म्हटलं की मी तेव्हा तो बॉलर थांबवायला पाहिजे होता. त्याने थोडा वेळ विचार केला.

"ते सोड बे," तो म्हणाला. "चार रन होते ना ते? ते दुसरे लोक अजूनही नाही म्हणतात."